प्रभावळीचा फ्यूज

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरामुलगा उघड्या मोटारीतून यायचा. ही चाल आमच्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून आणलेली नव्हती. तीनशे वर्षांत दक्षिणेकडे जे काही आमच्या लोकांना चिकटले, त्यांतली ती एक. मुलाला मारुतीच्या देवळात बसवायचे, मुलीकडच्यांनी शिवलेला सूट त्याला घालायचा, गळ्यात हार घालायचा आणि दिव्यांनी सजवलेल्या गाडीतून, नागस्वरवाल्यांच्या मागोमाग, माणसाच्या चालीने त्याला लग्नाच्या कार्यालयापर्यंत आणायचे. या मिरवणुकीला आम्ही जानवसा म्हणत असू. गाडी, दिवे, वाजंत्री सगळे मुलीकडचे. काही बिघडले तर तेही मुलीकडचेच.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्न ठरण्याची ही तिची दुसरी वेळ. पहिल्या वेळी साखरपुडा झाला आणि त्याच आठवड्यात मुलाचे आजोबा वारले. आजोबा नव्वदीचे होते आणि वर्षभर अंथरुणाला खिळून होते. तरी निरोप आला की मुलीचा पायगुण बरा नाही. ही गोष्ट बंगळूरात चामराजपेठेतून बसवनगुडीत पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतरची स्थळे पत्रिका हातात घेण्याआधीच परत जाऊ लागली.

आता जमलेले स्थळ पुण्याचे होते. मुलगा बंगळूरला एका सरकारी प्रयोगशाळेत कामाला होता आणि जयनगरात नव्या घरात राहत होता. तिथे तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. त्याला आईवडील नव्हते. आत्याने वाढवले होते. आत्या लग्नासाठी पुण्याहून आली आणि आली त्याच दिवशी कोणीतरी तिला आधीच्या साखरपुड्याची हकीकत सांगितली. तिने फक्त मुहूर्त कोणी काढला ते विचारले.

मिरवणुकीच्या वाटेत दिवे गेले तर त्याचा काय अर्थ लावला जाईल, हे घरात कोणी उच्चारत नव्हते. सगळे फक्त दिव्यांबद्दल बोलत होते.

गाडी मामाची होती. मोठी, अमेरिकन बनावटीची, कापडी टप मागे दुमडणारी. युद्धानंतर एका परत जाणाऱ्या साहेबाकडून मामाने ती घेतली होती. नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नात ती फिरायची आणि मामा स्वतः ती चालवायचा. दुसऱ्या कोणाला त्याने चाकाला हात लावू दिला नाही. मागच्या सीटच्या वर त्याने एक लाकडी कमान बसवून घेतली होती. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तशी. तिच्यावर छोटे दिवे ओळीने लावलेले. दिवे लागले की मधे बसलेला मुलगा कसाही असला तरी देखणा दिसे.

त्या हंगामात दोन लग्नांत ही प्रभावळ वाटेतच विझली होती. दोन्ही वेळा फ्यूज उडाला. एकदा तर नेमकी मुलाला ओवाळायला घेतले तेव्हा. मामा त्यानंतर आमच्याकडे आला तो थेट अण्णाकडे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका सरकारी कारखान्यात मीटर आणि मोजमापाची यंत्रे तपासायच्या विभागात होता. तो एका जागी बसत नसे. जेवताना उठायचा, पेपर वाचताना उठायचा, कोणाशी बोलताना उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचा. लग्नाच्या त्या पंधरवड्यात तो जवळपास बसलाच नाही.

माझे स्वतःचे अस्वस्थ होण्याचे कारण वेगळे होते. मी तेव्हा एका दैनिकात वार्ताहर होतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका लग्नाच्या गाडीला आग लागली होती आणि ती बातमी मी दिली होती. कमान, फुले आणि सीट जळाली; मुलगा उडी मारून वाचला; चालकाचे हात भाजले. आगीचे कारण समजले नाही, असे शेवटचे वाक्य होते. बातमी छापून आल्यावर गॅरेजमधल्या एकाने मला कारण सांगितले. फ्यूज सारखा उडत होता म्हणून कोणीतरी त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता. कारण कळले तेव्हा ती बातमी शिळी झाली होती.

मी हे अण्णाला सांगितले.

“म्हणजे बघ,” अण्णा म्हणाला, “लहान घातला तर अंधार. मोठा घातला तर जाळ.”

“मग मधला घाल,” मामा म्हणाला.

“मधला म्हणजे कितीचा?”

“ते तू सांगायचंस. मी शिकलो असतो तर तुझ्याकडे आलो असतो का रे?”

अण्णाने हिशोब केला. चोवीस दिवे, प्रत्येकी तीन वॉटचे. एकूण बहात्तर. कारखान्यातल्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बारा व्होल्टच्या, म्हणून त्याने बाराने भागले. सहा अँपिअर आले. थोडी सूट ठेवून त्याने दहाचा फ्यूज आणला. काचेची बोटभर नळी, आत बारीक तार आणि आकडा छापलेली कागदाची चिठ्ठी. आमच्या अंगणात मामाने दिवे लावले. प्रभावळ उजळली. आई हात पुसत बाहेर येते तोवर विझली.

“अय्यो,” आई म्हणाली आणि आत गेली.

अण्णाने बॉनेट उघडून बॅटरीवरची झाकणे मोजली. तीन. झाकणाला दोन व्होल्ट, म्हणजे सहा व्होल्ट. त्या काळच्या अमेरिकन गाड्या तशाच असत. बहात्तरला सहाने भागले की बारा. ज्या तारेतून सहा अँपिअर जातील असे त्याने धरले होते, तिच्यातून दुप्पट जात होते.

“बॅटरी बघितली असतीस तर कळलं असतं,” मामा म्हणाला.

“तुमची गाडी आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“मला एवढंच ठाऊक की ती चालते.”

मग अण्णाने पंधराचा फ्यूज आणला. तो टिकला. मामाने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, हॉर्न वाजवत परत आणली. शेजारचे लोक फाटकांत येऊन उभे राहिले. मामा उतरला, दोन्ही हात कमरेवर ठेवून प्रभावळीकडे पाहू लागला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती गेली.

आता अण्णाला झोप लागेना. गणित बरोबर होते, तार जाड घातली होती, तरी पंधराचा फ्यूज बारावर उडाला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तो सिटी मार्केटमागच्या जुन्या सुट्या भागांच्या गल्लीत गेला. दुकानादुकानांतून तो नळ्या उजेडाकडे धरून पाहत हिंडला आणि तिथे त्याला खुलासा झाला. बाजारात दोन तऱ्हेचे फ्यूज होते. इंग्रजी गाड्यांच्या फ्यूजवर तो ज्या प्रवाहाला वितळतो तो आकडा लिहिलेला असे. सतत वाहण्याची त्याची ताकद त्याच्या साधारण निम्मी. अमेरिकन फ्यूजवर मात्र तो जो प्रवाह बिनधोक वाहू देतो तोच आकडा. दोन्ही नळ्यांवर पंधराच लिहिलेले, पण काम वेगळे. युद्धातल्या एका लष्करी ट्रकमधून काढलेले दोन अमेरिकन फ्यूज त्याला मिळाले. एक गाडीसाठी, एक खिशात.

घरी आल्यावर त्याने गाडीतली जाड तार पुन्हा एकदा तपासली. तिला फ्यूजपेक्षा बराच जास्त प्रवाह सोसेल एवढी ती होती. मी विचारले की तार एवढी जाड कशाला, फ्यूज तर दिव्यांसाठी आहे.

“फ्यूज दिव्यांसाठी नसतो,” तो येरझारा घालत म्हणाला. “दिवे जळले तर नवे येतात. फ्यूज तारेसाठी असतो. तार तापायच्या आधी त्याने मरायचं. तेवढंच त्याचं काम.”

बहीण नुकतीच ड्यूटीवरून आली होती. कानावर हेडफोनचा वळ होता. लग्नाच्या चार दिवस आधीपर्यंत ती कामावर जात होती. घरात बसून लोकांचे चेहरे बघण्यापेक्षा ते बरे, असे म्हणायची.

“अण्णा, आता तरी जेव,” ती म्हणाली. “तीनदा पान वाढून झालं.”

“हे नीट झालं पाहिजे. दिवे गेले तर काय होईल ते तुला कळत नाही.”

“मला नाही तर कोणाला कळणार? मलाच तर होणार आहे.”

अण्णा थांबला. मग पुन्हा चालू लागला. तिने त्याचे पान उचलून त्याच्या हातात दिले आणि तो फिरता फिरता जेवला.

अमेरिकन फ्यूज लावून प्रभावळ तासभर पेटती ठेवली. काही झाले नाही. फ्यूज हाताला कोमट लागला, एवढेच. अण्णाने तार कमानीपर्यंत नेऊन कापडी पट्टीने जागोजाग बांधली आणि मामाला सांगितले की आता हिला हात लावू नका.

“नाही लावत,” मामा म्हणाला.

जानवशाच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर गाडी उभी होती. फुलवाल्यांनी कमान, बॉनेट, टपाची घडी सगळे झेंडू आणि जाईने झाकून टाकले होते. मुलगा सूटमध्ये अवघडून बसला होता. पुण्यात त्याने असे काही पाहिले नव्हते.

“याला ट्रॅफिक अडत नाही का?” त्याने मला विचारले.

“अडतं. म्हणूनच तर मजा,” मी म्हणालो.

आत्या गाडीच्या मागे, बायकांच्या पुढे उभी होती. काठाचे पातळ, हातात रुमालाची घडी. ती प्रभावळीकडे पाहत होती. मामाने बटण दाबले, दिवे लागले, नागस्वर सुरू झाले आणि गाडी निघाली. दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे होती. गाडीला दिवे असले तरी गॅसबत्त्या हव्यातच, तो मानाचा भाग.

अण्णा मामाच्या बाजूने, दाराला हात लावून चालत होता. मी त्याच्या मागे. पहिल्या वळणापर्यंत तो दर दहा पावलांना प्रभावळीकडे पाहत होता. दुसऱ्या वळणानंतर त्याने तिकडे पाहायचे सोडले आणि डॅशबोर्डवरच्या मीटरकडे पाहू लागला. बॅटरीतून किती प्रवाह जातोय ते दाखवणारा काटा तिथे होता. अण्णाच्या अंदाजापेक्षा तो बराच कलला होता. गाडी खड्ड्यातून गेली की आणखी कलायचा, मग थोडा वर यायचा. प्रभावळही त्याबरोबर मंद व्हायची आणि परत उजळायची. बघ्यांना ते छान वाटत असावे. एका पोराने टाळी वाजवली.

“मामा, स्वल्प थांबवा,” अण्णा म्हणाला.

“इथे? चौकात? वेडा की काय?”

“काहीतरी घासतंय. फ्यूज उडायला हवा होता.”

“नाही ना उडाला! चांगलं झालं ना?”

“चांगलं नाही झालं. उडायला हवा होता. का उडत नाही?”

पंधरवडाभर जो माणूस फ्यूज उडेल म्हणून झोपला नव्हता, तो आता तो का उडत नाही म्हणून चालत्या गाडीच्या दारातून आत वाकला होता. मामा समोर पाहून गाडी हाकत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तेवढ्यात मला वास आला. जाईच्या वासातून, गॅसबत्तीच्या वासातून, गरम रबराचा. मला तो दोन वर्षांपूर्वीपासून ठाऊक होता. तेव्हा तो आग विझून थंड झालेल्या गाडीला येत होता.

“अण्णा,” मी म्हणालो.

“आला मला,” तो म्हणाला.

त्याने डॅशबोर्डखाली हात घातला आणि फ्यूजची नळी खेचून काढली. तोंडातून एक आवाज निघाला, पण हात मागे घेतला नाही. प्रभावळ विझली.

गाडी थांबली. नागस्वरवाले दोन-चार स्वर पुढे जाऊन थांबले. मागून बायकांच्यात कोणीतरी श्वास ओढून घेतला. मग ते वाक्य आलेच. कोण बोलले ते मला दिसले नाही, पण सगळ्यांना ऐकू आले.

“दिवे गेले.”

अण्णा सरळ उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर तो कधी मोठ्याने बोलला नव्हता.

“गेले नाहीत,” तो म्हणाला. “मी काढले.”

त्याने मूठ उघडली. गॅसबत्तीवाला कुतूहलाने जवळ सरकला, त्यामुळे सगळ्यांना दिसले. काचेच्या नळीभोवती चंदेरी कागद गच्च गुंडाळलेला होता. अण्णाची दोन बोटे जिथे टेकली होती तिथे पांढरी पडली होती.

“मीच घातला,” मामा चाकावरचे हात न काढता म्हणाला. “काय करू? तिसऱ्यांदा दिवे जाताना बघत बसू? आणि तेही हिच्या लग्नात?”

मामाने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. तो कागद त्याने देवळापाशी एका नागस्वरवाल्याकडून मागून घेतला होता. फ्यूज त्याने बदलला नव्हता, काढून टाकला नव्हता. चांगला, बरोबर मापाचा फ्यूज होता. त्याच्यावरच त्याने भाचीच्या काळजीने एक चिलखत चढवले होते. प्रवाह कागदातून जात राहिला आणि त्या चिलखताखाली फ्यूज आपले काम करू शकत नव्हता.

फुलांखाली काय घडले ते नंतर पाहिले. फुले बांधताना कोणीतरी तार बाजूला सारून टपाच्या घडीच्या लोखंडी सांध्याखाली खोचली होती. गाडी हलेल तसा सांधा तिच्यावर घासत होता. रबर निघाले होते आणि तार लोखंडाला टेकत होती. एवढ्यावर फ्यूज पहिल्याच वळणावर उडाला असता. दिवे गेले असते, बस.

मुलगा मान वळवून पाठीमागे पाहत होता. तो उठून उभा राहिला. कार्यालयाच्या दारापर्यंत मुलाने गाडीतून उतरायचे नसते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो उतरला.

“आत्या, हे बघ,” तो म्हणाला आणि त्याने नव्या कोटाची मागची कड पुढे ओढून धरली. सीटच्या मागे जिथे तार गेली होती तिथे ती कड तपकिरी झाली होती. “मघापासून पाठीला ऊब लागत होती. मला वाटलं, इथली पद्धतच असेल.”

आत्या पुढे आली. तिने ती कड दोन बोटांत धरली, चोळली, नाकाशी नेली. मग अण्णाच्या हाताकडे पाहिले. मामाकडे पाहिले नाही. पायगुण, अपशकुन, आजोबा, सगळे त्या वेळी तिच्या तोंडाच्या टोकावर होते आणि आम्ही सगळे त्या तोंडाकडे पाहत होतो.

“चला,” ती म्हणाली. “वाजवा रे. अंधार पडतोय.”

मुलगा परत गाडीत बसला नाही. उरलेले अंतर तो चालत आला, अण्णाच्या बाजूने. गॅसबत्त्या त्या दोघांच्या दोन्ही बाजूंना आल्या. मामा विझलेली गाडी मागून आणत होता.

कार्यालयाच्या माडीवर बहीण मैत्रिणींबरोबर खिडकीत बसली होती. चौकातून येणारा दिव्यांचा लोट तिने पाहिला होता आणि तो विझतानाही पाहिला होता. त्यानंतर मैत्रिणी एकेक करून काहीतरी कामाचे निमित्त काढून खाली गेल्या. अण्णा वर आला तेव्हा ती एकटी होती. मी जिन्यात उभा होतो.

तिने त्याला एकच विचारले.

“गेले की काढले?”

“काढले.”

ती एक्स्चेंजमध्ये दिवसभर दोन टोके जोडायची आणि तोडायची. लाइन आपोआप तुटणे आणि कोणी ती तोडणे यांतला फरक तिला समजावून सांगावा लागला नाही.

“मग सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “हात दाखव.”

तिने बोटांवर शाई ओतली. भाजल्यावर तेव्हा आमच्याकडे तेच करत. चिंधी बांधताना गाठ दोनदा सुटली. अण्णा तेवढा वेळ एका जागी उभा राहिला.

“सकाळी कान पिळायला ही बोटं लागतील,” ती म्हणाली.

सकाळी लग्न लागले. आत्याने अक्षता टाकल्या, सगळ्यांसारख्याच. मामा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता; बोलावल्याशिवाय पुढे आला नाही. बहिणीने विधी चालू असताना मान वळवून त्याला हाक मारली. तेव्हा आला आणि नाक शिंकरायला परत मागे गेला.

मग भटजींनी मुलीच्या भावाला बोलावले. कानपिळीत भावाने नवऱ्यामुलाचा कान पिळायचा, बहिणीला नीट वागव म्हणून. अण्णाने डावा हात पुढे केला. भटजी म्हणाले, उजवा. त्याने निळी चिंधी बांधलेला उजवा हात पुढे केला, मुलाचा कान दोन बोटांत धरला आणि पिळला. त्याचे ओठ घट्ट मिटले.

मुलाने मान तिरकी ठेवूनच हळू आवाजात विचारले, “दुखतंय का?”

“स्वल्प,” अण्णा म्हणाला.